डेल्फीच्या जुन्या प्रोजेक्टात बाहेरची लायब्ररी घ्यायच्या आधी मी काय काय बघते

फर्मागुडीला इंजिनीअरिंग करताना आम्हाला जावा आणि पायथन होतं, डेल्फी (पास्कलवर बेतलेली, विंडोजचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते फोंड्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले त्या दिवशी. आमचे कस्टमर म्हणजे म्हापशाचे हार्डवेअरवाले, मडगावच्या दोन फार्मसी, डिचोलीकडचे ट्रकांचे वजनकाटे, एक पतसंस्था. सगळ्यांचं सॉफ्टवेअर डेल्फी ७ मध्ये, म्हणजे २००२ सालचं व्हर्जन, आणि ते अजूनही रोज सकाळी दुकान उघडलं की चालू होतं आणि रात्रीपर्यंत बिलं काढत राहतं. अशा जॉबला नवीन लागलेल्या मुलांचं तोंड पहिल्याच आठवड्यात उतरतं, ते मला बघवत नाही, म्हणून हे लिहिते. भाषा जुनी असली तरी काम खरं असतं आणि शिकायला भरपूर मिळतं. फक्त बाहेरच्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेताना डोळे उघडे ठेवायचे.

पायथनमध्ये एक कमांड मारली की पॅकेज येतं, त्याला काय काय लागतं तेही मागोमाग येतं. डेल्फी ७ मध्ये असं काही नाही. झिप शोधायची, कधी गिटहबवर, कधी सोर्सफोर्जवर, कधी ऑफिसातल्या कपाटातल्या सीडीत, आणि ती चांगली की वाईट हे आपणच ठरवायचं, कारण वीस वर्षांपूर्वी बनलेल्या गोष्टीला किती जणांनी लाइक दिलंय यावरून काहीच कळत नाही.

आमचे सीनियर, सगळे त्यांना भाई म्हणतात, ते कुठलीही लायब्ररी दाखवली की आधी एकच विचारतात, "बाय, सोर्स आसा?" म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ कोड बरोबर आहे का.

सुरुवातीला मला वाटायचं की कंपोनंट (प्रोग्रॅममध्ये बसवायचा तयार भाग) चालतोय ना, मग सोर्स कशाला हवा. मग वजनकाट्याचं काम माझ्याकडे आलं. काट्यावरून वजन सीरियल पोर्टने कॉम्प्युटरवर येतं, ते वाचायला मी यायच्या आधी कोणीतरी एक कंपोनंट विकत घेतला होता आणि त्यात नुसत्या डीसीयू फाइल होत्या, मूळ कोडची पास फाइल एकही नाही. डीसीयू म्हणजे कंपाइल झालेलं युनिट, आणि ते ज्या डेल्फी व्हर्जनमध्ये बनलं सहसा त्याच व्हर्जनला चालतं. आम्ही प्रोजेक्ट नवीन डेल्फीवर न्यायला घेतला आणि कंपायलर तिथेच अडला, हे युनिट वेगळ्या व्हर्जनमध्ये कंपाइल झालंय म्हणून. विकणाऱ्याची साइट बंद, ईमेल परत येतोय, आणि काट्यावर ट्रकांची लाइन. दोन आठवडे गेले तो भाग नव्याने लिहिण्यात. शेवटी असिंक प्रोफेशनल ही सीरियल पोर्टची लायब्ररी वापरली. ती टर्बोपॉवर नावाच्या कंपनीची, त्यांनी २००३ मध्ये हा धंदा सोडला पण सोडताना आपल्या लायब्ररी ओपन सोर्स करून गेले, म्हणून आज इतक्या वर्षांनीही आम्ही ती उघडून, वाचून, दुरुस्त करून वापरू शकतो. धंदा दोन्ही कंपन्यांनी सोडलाच, पण एकीचा सोर्स आमच्या हातात होता. तेव्हापासून सोर्स नसेल तर मी पुढचं बघतच नाही, फुकट असो की महाग.

सोर्स आला की लगेच इन्स्टॉल करू नका, आधी त्यात सर्च मारा. मी पीचार (मजकुराचा मेमरीतला पत्ता), मूव्ह (बाइट कॉपी करणं), साइझऑफ (किती बाइट ते) आणि एएसएम (असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचना) हे शब्द शोधते. कारण असं की डेल्फी २००९ मध्ये साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर ठेवायचा टाइप, ॲन्सीची (जुनी, मोजकीच अक्षरं बसणारी पद्धत) युनिकोड (सगळ्या लिप्या बसणारी) झाली, एक कॅरेक्टर एका बाइटचं दोन बाइटचं झालं. जुन्या कोडमध्ये मूव्हला लेंग्थ तशीच दिलेली असेल तर नवीन व्हर्जनमध्ये कंपाइल होतं, चालतं पण, फक्त अर्धाच मजकूर कॉपी होतो. असा बग मिळायला फार त्रास होतो. एएसएमचं वेगळं, ६४ बिट कंपायलर आला २०११ मध्ये एक्सई२ बरोबर, आणि तो पास्कलच्या मधोमध घातलेलं असेंब्ली घेत नाही, पूर्ण फंक्शनच असेंब्लीत लागतं. तसंच पॉइंटरला, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याला, इंटिजरमध्ये (३२ बिटचा पूर्णांक) कास्ट केलेलं दिसलं की समजायचं की ६४ बिटला इथे दुखणार. आज तुम्हाला ६४ बिट नको असेल, पण नोंद करून ठेवा.

मग चाचणी, आणि ती आपल्या डेटावर. लायब्ररीबरोबर आलेला डेमो नेहमीच चालतो. मी पहिला शब्द देते तो "फोंडा". युनिकोडमध्ये तो ५ कॅरेक्टर आहे, फ, ओकार, अनुस्वार, ड, काना, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या दुसऱ्या पद्धतीत, १५ बाइट. लायब्ररीतून परत आल्यावर लेंग्थ मोजायची. ५ प्रश्नचिन्हं आली तर मधे कुठेतरी ॲन्सी झालंय आणि तो मजकूर कायमचा गेला, परत मिळत नाही. दुसरं म्हणजे ₹ चं चिन्ह. ते २०१० मध्ये आलं, डेल्फी ७ त्याच्या आठ वर्षं आधीचं, त्यामुळे साध्या स्ट्रिंगमधून ते जातच नाही, तिथे वाइडस्ट्रिंग, म्हणजे डेल्फी ७ मधली युनिकोड धरणारी स्ट्रिंग, लागते. लायब्ररी वाइडस्ट्रिंग घेते का हे अशाने पाच मिनिटांत कळतं.

तिसरी चाचणी पैशांची, ही कधीच सोडू नका. डेल्फीचा करन्सी टाइप आतून पूर्णांकच असतो, चार दशांश स्थळं नेमकी धरतो. पण बऱ्याच जेसॉन (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) लायब्ररी आकडा आत घेतात तोच डबल (अंदाजे दशांश धरणारा टाइप) करून, आणि डबलमध्ये ०.१ सुद्धा नेमका बसत नाही. हजार ओळींचं बिल बनवा, लायब्ररीतून पाठवा, परत वाचा आणि एकूण पैशापर्यंत जुळते का बघा. हे आम्हाला खरंच लागलं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना जीएसटीचं ई-इनव्हॉइस लागू झालं, म्हापशाचे आमचे एक होलसेलवाले त्यात आले आणि चवथ तोंडावर. डेल्फी ७ मध्ये जेसॉन नाही. दोन लायब्ररी बघितल्या, एकीत पैशांचं जुळेना, तर तिच्यात आम्ही रक्कम स्वतःच स्ट्रिंग बनवून घालायचा बदल केला. सोर्स होता म्हणून हे अर्ध्या दिवसात झालं.

त्याच कामात दुसरी अडचण आली, टीएलएस १.२, म्हणजे इंटरनेटवर डेटा सुरक्षित पाठवायची पद्धत. डेल्फी ७ बरोबर येणारी इंडी ९ ही इंटरनेटची लायब्ररी तिथे पुरत नाही, इंडी १० घेतली तर तिला ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीच्या दोन डीएलएल (प्रोग्रॅमबरोबर लागणाऱ्या वेगळ्या फाइल) बाजूला ठेवाव्या लागतात आणि ती सहसा १.०.२ मालिकेवर चालते, जिचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१९ ला संपला. म्हणजे लायब्ररी बघताना ती आणखी कोणावर टेकून उभी आहे तेही बघायचं, आणि त्या खालच्याला आज कोण सांभाळतंय तेही. आम्ही शेवटी इंडी सोडली आणि विंडोजचं स्वतःचं विनएचटीटीपी वापरलं, अपडेट मायक्रोसॉफ्ट देतं, आपल्याला डीएलएल घेऊन दुकानोदुकानी फिरायला नको. विंडोज ७ च्या मशीनवर एक अपडेट आणि रजिस्ट्रीत बदल करावा लागला तेवढंच. माझं मत विचाराल तर विंडोजमध्ये जे आधीच आहे ते आधी तपासा, कंपोनंट नंतर.

मेमरीचंही बघा, दुकानातला कॉम्प्युटर दिवसभर बंद होत नाही. फास्टएमएम४ हे मेमरी सांभाळणारं युनिट प्रोजेक्ट फाइलच्या यूसेसमध्ये (वापरलेल्या युनिटांची यादी) सगळ्यात पहिलं टाकायचं, लायब्ररीचं एकच काम दहा हजार वेळा करायचं आणि प्रोग्रॅम बंद करायचा, गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणं, असेल तर फास्टएमएम४ सांगतं.

आणि तपासणी चालू असताना कंपोनंट फॉर्मवर ओढून टाकू नका, कोडमधून क्रिएट करा. कारण उद्या तो काढला आणि दुसऱ्या कोणी फॉर्म उघडला तर क्लास मिळत नाही असा डायलॉग येतो, त्यात इग्नोर दाबून सेव्ह केलं की तो कंपोनंट त्याच्या सगळ्या सेटिंगसकट फॉर्मवरून जातो. माझ्याबरोबरच्या एका मुलाचा अख्खा दिवस यात गेला.

लायसन्स वाचायला दहा मिनिटं लागतात. ओपन सोर्सची एमपीएल किंवा बीएसडी लायसन्स असेल तर आमच्यासारख्यांना सहसा अडचण नाही. एलजीपीएल असेल तर थांबा, डेल्फी सगळं एकाच ईएक्सईत बांधतं, त्यामुळे स्टॅटिक लिंकिंगची, म्हणजे असं एकात बांधण्याची, सूट लिहिलेली आहे का ते शोधा.

घ्यायचं ठरलं की ती झिप आहे तशी आमच्या रिपॉझिटरीत (कंपनीचा सगळा कोड ठेवायची जागा) थर्डपार्टी फोल्डरमध्ये जाते, बरोबर एक टेक्स्ट फाइल: कुठून आणली, कुठल्या तारखेला, कुठलं व्हर्जन, आपण कुठल्या ओळी बदलल्या आणि का. जेसॉनवाल्या लायब्ररीच्या फाइलमध्ये माझ्या सात ओळी आहेत, गेल्या महिन्यात नवीन लागलेल्या मुलीने त्या वाचून मला एकही प्रश्न न विचारता क्रेडिट नोटचं काम पूर्ण केलं.