स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना खरी तारीख द्या

रोल स्कॅन केला की फाइलवर तारीख पडते ती स्कॅन केल्याच्या दिवसाची. मग १९८७ चं लग्न फोनच्या गॅलरीत कालच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसतं. फाइलचं नाव बदलून हे सुटत नाही; फोटोच्या एक्झिफ माहितीतली (फाइलच्या आतच साठवलेली फोटोची माहिती) ‘डेट टाइम ओरिजिनल’, म्हणजे फोटो काढल्याची तारीख-वेळ, ही नोंद बदलावी लागते. त्यासाठी डिजीकॅम किंवा एक्झिफटूल हे संगणकावरचे प्रोग्रॅम वापरा; दोन्ही फुकट आहेत आणि अख्ख्या रोलला एका दमात तारीख देतात. आधी फोल्डरची एक प्रत मात्र बाजूला ठेवा.

क्रमासाठी निगेटिव्हची कड उजेडात धरा. तिथे १, १अ, २, २अ असे फ्रेमचे आकडे छापलेले असतात. पहिल्या फ्रेमला सकाळी १०:०१, दुसरीला १०:०२ अशी वेळ दिली की मंगलाष्टकांआधी पंगत बसत नाही!

नक्की दिवस ठाऊक नसेल तर? मी त्या वर्षाची १ जानेवारी टाकते आणि वर्णनात ‘अंदाजे, आईला विचारून’ असं लिहून ठेवते. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर डोळे झाकून विसंबू नका. सेल बदलल्यावर कॅमेऱ्यात तारीख पुन्हा लावायचं बरेचदा राहून जायचं.