स्लीप अ‍ॅप्नियाच्या उपचारात जबडा दुखतो तेव्हा काय करायचं

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणं. त्यासाठी सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) किंवा दातांवर बसवायचं उपकरण सुरू केलं की पहिले काही आठवडे सकाळी जबडा आखडलेला वाटू शकतो. त्यासाठी मशीन कपाटावर टाकू नका आणि दुखणं सोसतही राहू नका. कारण बहुधा एखाद्या पट्ट्यात, स्क्रूत किंवा कोरड्या नाकात असतं.

आधी दुखण्याची नेमकी जागा शोधा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवून तोंड हळूहळू उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. आता दात आवळा. गालात जो टणक गोळा उभा राहतो तो चावण्याचा स्नायू, तसाच एक कानशिलावर लागतो. सांध्यात दुखत असेल तर जबडा मागे रेटला जातोय किंवा गरजेपेक्षा जास्त पुढे ओढला जातोय. गाल आणि कानशील ठणकत असतील तर रात्री दात आवळले जात आहेत, असा अंदाज धरून पुढे चला.

सीपॅपवाल्यांचा मोठा शत्रू म्हणजे करकचून ओढलेले पट्टे. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची खालची कड ओठाखाली हनुवटीवर टेकते. हवा सुटते म्हणून खालचे पट्टे ओढले की ती कड रात्रभर हनुवटी मागे ढकलते. त्यामुळे सांधा तर दुखतोच, शिवाय जीभ मागे सरकून श्वासाची वाट आणखी अरुंद होऊ शकते. मास्क बसवायचा तो आडवं पडून आणि मशीन चालू ठेवून. सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यावरून जरा उचलून परत ठेवा म्हणजे त्याची गादी फुगून नीट बसेल, मग दोन्ही बाजू सारख्या आणि थोड्या-थोड्याच ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एवढ्यावर हवा सुटत असेल तर माप चुकलंय किंवा गादी झिजली आहे. आणखी ओढून काही साधत नाही. माप घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, झोपेत जबडा खाली येतोच. कवळी काढून झोपत असाल तर मापही कवळी काढूनच द्या.

हनुवटीचा पट्टा जबडा वर धरण्यापुरताच हवा. तो लावूनही तोंड उघडत असेल तर नाकाकडे बघा. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ह्युमिडिफायरचं, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणाऱ्या टाकीचं, पाणी पहाटेच संपलं की नाक सुकतं, चोंदतं, आणि माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. झोपण्याआधी टाकी खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने भरा. बोअरचं पाणी टाकीत क्षार धरतं. खोलीत कूलर असेल तर ओलावा एक पायरी कमी चालतो. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं: नळीत पाणी साचून गुडगुडतं, तेव्हा नळीला कापडी कव्हर घाला किंवा गरम होणारी नळी वापरा.

हवेचा दाब अंगावर आल्यासारखा वाटला की माणूस नकळत दात आवळतो. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. दाब हळूहळू वाढवण्याची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करा. मूळ दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

दातांवरच्या उपकरणाचं गणित वेगळं. ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, म्हणून थोडं आखडणं अपेक्षितच आहे. उपकरणाचे स्क्रू फिरवून जबडा टप्प्याटप्प्याने पुढे आणतात; एका टप्प्याला तो किती मिलिमीटर सरकतो हे डेंटिस्टला विचारून लिहून ठेवा, आणि सकाळचं दुखणं असताना पुढचा टप्पा घेऊ नका. दुखणं वाढलं तर एक टप्पा मागे या आणि डेंटिस्टला कळवा. डाव्या-उजव्या स्क्रूचे फेरे मोजून सारखेच द्या. एकाच बाजूला दुखत असेल तर पहिली शंका यावरच घ्या. उपकरण गरम पाण्याने धुऊ नका आणि उन्हात उभ्या कारमध्ये विसरू नका. वाकलेलं उपकरण एकाच दातावर जोर देतं.

सकाळी उपकरण काढलं की मागचे दात जुळत नाहीत. ओल्या गरम फडक्याने दहा मिनिटं शेका, जीभ टाळूला लावून पाच-सहा वेळा तोंड सावकाश उघडा-मिटा, आणि दात जुळवायची पट्टी मिळाली असेल तर सांगितलेला वेळ ती चावून धरा. मग दोन्ही बाजूंच्या दाढांत पातळ कागदाची पट्टी धरून ओढा. ती अडकली म्हणजे दात टेकले. दुपारपर्यंतही ती सहज निसटत असेल तर डेंटिस्टला त्याच आठवड्यात दाखवा.

दुखऱ्या दिवसांत रोडगे, फुटाणे, ऊस आणि सावजी मटणाचे चिवट तुकडे बाजूला ठेवा; वरण-भात, खिचडी, पाटोडी रस्सा चालेल. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडाच. दिवसभर चघळून स्नायू थकतात ते वेगळंच, सुपारीने गाल आतून ताठ होऊन तोंड उघडणंही कमी होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर उपकरणाचं माप देण्याआधीच डेंटिस्टला सांगा.

स्नायू सैल करणारी, झोप आणणारी गोळी मनाने घेऊ नका. त्याने घसा ढिला पडून अ‍ॅप्निया वाढू शकतो. दारूचंही तेच. काही रात्री उपकरण बंद ठेवावं लागलं तर कुशीवर झोपा, आणि दिवसा पेंग येत असेल तर गाडी चालवू नका.

तोंड अडकलं, उघडेना किंवा मिटेना, तर त्याच दिवशी दाखवा. जबड्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर तो दातांचा प्रश्न समजू नका, लगेच १०८ ला फोन करा. बाकी दुखणं दोन आठवडे हटलं नाही तर आपल्या डेंटिस्टकडे किंवा नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. मास्क, उपकरण आणि मशीनचं मेमरी कार्ड सोबत न्या, आणि कोणत्या तारखेला किती फेरे दिले त्याचा कागदही.