मोठेपणी पेटी शिकताय? या चुका टाळा

नोकरीतून निवृत्त झालेले काका, मुलं पुण्याला गेल्यावर संध्याकाळ मोकळी मिळालेल्या काकू, दिवसभर लॅपटॉपवर बसून कंटाळलेला एखादा पस्तिशीचा भाऊ. नागपुरात हार्मोनियमच्या कुठल्याही क्लासमध्ये अशी दोन-चार मंडळी सापडतातच. ती हुशार असतात, वेळेवर येतात, वही आणतात. घोळ त्या वहीपासूनच सुरू होतो.

शेजारी बसलेलं आठ वर्षांचं पोर शिक्षकांनी वाजवलेलं ऐकतं आणि तसंच वाजवून पाहतं. मोठा माणूस आधी 'सा रे ग म' लिहून घेतो, मग वहीत बघून पट्ट्या दाबतो. महिना-दोन महिने छान चालतं. मग वही मिटली की बोटं थांबतात, कारण ओळ कधी कानात गेलेलीच नसते. वही ठेवा, पण घरी विसरलं तर उघडायला म्हणून. क्लासमध्ये ओळ आधी गुणगुणा आणि मग पेटीवर शोधा. चुकाल, वेळ लागेल, पण अशी सापडलेली ओळ सहसा विसरत नाही.

वहीचाच दुसरा अवतार म्हणजे पट्ट्यांवर चिकटवलेले स्टिकर. सा, रे, ग लिहिलेले, कधी मार्करने, कधी नातवाच्या रंगीत टिकल्यांनी. सोय वाटते खरी, पण पेटीवर सा ची जागा ठरलेली नसते. तो कुठेही धरता येतो. खात्री करायची असेल तर आजच बसा आणि फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरा (दोन काळ्यांच्या जोडीतली डावी ती काळी एक, तिथून उजवीकडे मोजत जा). काळी तीनला सा मानून चढत गेलात तर भूप रागाचे स्वर निघतात. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकला धरला की दुर्गा राग. काळी पाचला धरला तर चक्क मालकंस! पट्ट्या बदलल्या नाहीत, घर बदललं. जुने लोक याला मूर्च्छना म्हणतात. ज्याच्या काळी तीनवर 'सा'चा स्टिकर आहे, त्याला हा खेळ कधी कळणारच नाही.

यातूनच ती नेहमीची तक्रार येते, 'माझा आवाजच नाही हो'. यूट्यूबवरचे बरेच धडे पांढरी एकमधून (काळी एकच्या लगेच डावीकडच्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) असतात, कारण तिथे सरगम सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर बसते. बायकांचा सा बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो. त्यांनी पांढरी एकमधून गायला घेतलं की खाली आवाज पोचत नाही, वर गळा ताणतो. दोष पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरला त्याचा असतो, बोल मात्र गळ्याला लागतो. पुरुषांना पांढरी एक ते पांढरी दोन बहुतेक वेळा जमते. शिक्षकांकडून पहिल्याच आठवड्यात आपली पट्टी ठरवून घ्या आणि सुरुवातीचे अलंकार (स्वरांचे सरावाचे पलटे) तिथूनच वाजवा. सोबत मोबाइलवर तानपुरा लावा. पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि तिचे स्वर बांधलेले असतात, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती; ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. हे कुठेतरी वाचून 'पेटीने कान बिघडतो' म्हणत शिकणंच सोडणारे भेटतात. तानपुरा चालू ठेवला तर एवढं घाबरायचं कारण नाही.

बोटांबद्दल. तर्जनीने एकेक पट्टी टोचत जाणं सोपं वाटतं, म्हणून तीच सवय लागते, आणि लय वाढवायची वेळ आली की हात अडकतो. काळी एकमधून सरगम घ्यायची तर सा ला तर्जनी, रे ला मधलं बोट; ग पांढऱ्या पट्टीवर येतो, तिथे अंगठा खालून सरकवा. मग म, प, ध ला पुन्हा तर्जनी, मधलं, अनामिका. नी ला अंगठा, वरच्या सा ला तर्जनी. तुमच्या शिक्षकांची पद्धत वेगळी असेल तर तीच धरा, पण रोज बोटं बदलू नका.

डावा हात तर बहुतेकांच्या लक्षातच नसतो. प्रत्येक स्वरागणिक भात्याला धपका दिला की आवाज हेलकावे खातो. आपल्याकडचे शिक्षक सरळ सांगतात, 'काका, भाता हाणून राहिले तुम्ही, वाजवून नाही राहिले.' एक स्वर दाबून धरा आणि तो वाढणार-घटणार नाही असा भाता चालवा. रियाजाची सुरुवात रोज यानेच करा. आणि रियाज रोज वीस मिनिटंच होऊ द्या, पण रोज. रविवारी सलग दोन तास बसणाऱ्याची पाठ तेवढी दुखते. मांडी घालून बसवत नसेल तर टेबलावर पेटी ठेवून खुर्चीत बसा, त्यात काही कमीपणा नाही.

खरेदीत फार अक्कल पाजळू नका. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलाही तोच स्वर वाजवणारा), स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलणारा) वगैरे नवशिक्याला लागत नाही, वजन आणि खर्च मात्र वाढतो. शिवाय स्केल चेंजर आला की दुसऱ्या पट्टीतून वाजवायला शिकायची गरजच वाटत नाही. जुनी पेटी घेताना भाता भरा, हवा सोडणाऱ्या पुढच्या खुंट्या उघड्या ठेवा (सतत एकच स्वर देणाऱ्या सोडून) आणि एकही पट्टी न दाबता थांबा. भाता भराभर उतरला किंवा सुस्कारा ऐकू आला तर कुठेतरी हवा गळतेय.

आता खास नागपूरची चूक: कूलरसमोर पेटी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुसरीकडे बसवत नाही हे मान्य, पण कूलरची ओली हवा लाकूड फुगवते, चामड्याला बुरशी आणते आणि पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या पात्यांवर, डाग चढवते. मग पट्टी अडकते, किंवा न दाबताच एखादा स्वर वाजत राहतो. तसं झालं तर पेटी उचलून कोरड्या सावलीच्या खोलीत दोन-चार दिवस ठेवा. गच्चीवर उन्हात मुळीच नको, लाकूड वाकतं. पट्ट्यांच्या फटींतली धूळ मऊ ब्रशने काढा. तरीही आवाज चिरका येत असेल तर कारागिराकडे न्या. सूर स्वतः घासायला गेलात तर तो बेसूर होतो आणि पुन्हा जुळवायला जास्त पैसे जातात. पेटी मिटतानाही एखादी पट्टी दाबून भात्यातली हवा आधी सोडा, मगच कडी लावा. खुंट्याही आत सारा.

दोन-तीन भजनं हाताखाली आली की मोहल्ल्यातल्या भजन मंडळात जाऊन बसा. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा आहे, त्यामुळे मंडळ शोधायला लांब जावं लागत नाही. तिथे कोणी तुमची पट्टी विचारत नाही. गाणारा म्हणतो, 'काळी दोन द्या जी', आणि द्यावी लागते.