टेस्टोस्टेरॉन अंगातलं की इंजेक्शनचं, कार्बनवरून कसं ओळखायचं

टेस्टोस्टेरॉन सगळ्यांच्याच अंगात असतं, त्यामुळे लघवीत सापडलं एवढ्यावरून खेळाडू दोषी ठरत नाही. आधी टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन (त्याच्यासारखाच, शरीरातच बनणारा रेणू) यांचं गुणोत्तर बघतात, ४ च्या वर गेलं की संशय. पण काहींचं ते मुळातच जास्त असतं, आणि काहींचं औषध घेऊनही वर जात नाही. म्हणून मग कार्बन, म्हणजे त्यातला कार्बन-१३ हा जड प्रकार किती आहे ते बघायचं.

औषधातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक वेळा सोयाबीनसारख्या झाडांच्या स्टेरॉलपासून (चरबीसारखा पदार्थ) बनवतात, ही सी-३ झाडं (प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून झाडांचे सी-३ आणि सी-४ असे गट करतात), यांच्यात कार्बन-१३ कमी. आपण गहू-तांदूळ खातो तेही सी-३, पण ज्वारी, बाजरी, मका, ऊस हे सी-४, त्यांच्यात कार्बन-१३ जास्त, त्यामुळे अंगात बनलेल्या हॉर्मोनमध्ये या सगळ्याची सरमिसळ येते. रोज भाकरी खाणाऱ्याचा आकडा आणि भात खाणाऱ्याचा आकडा वेगळा येणारच, म्हणून दोन खेळाडूंची तुलना कधीच करायची नाही, त्याच माणसाची त्याच लघवीतली दोन संयुगं घ्यायची.

एक टेस्टोस्टेरॉनच्या वाटेवरचं, म्हणजे ते शरीरात मोडून होणारं अँड्रोस्टेरॉन किंवा अँड्रोस्टेनडायॉल. दुसरं त्या वाटेवर नसलेलं, बहुधा प्रेग्नेनडायॉल, हा संदर्भ.

लघवीत ही ग्लुकुरोनाइडला (साखरेसारख्या एका गटाला) चिकटलेली असतात, ती एन्झाइमने सोडवायची, ईथरमध्ये ओढून घ्यायची आणि एचपीएलसीवर (द्रवातून संयुगं वेगळी करणारं यंत्र) साफ करायची. इथे घाई नको! कार्बन-१३ वाले रेणू बाकीच्यांशी अगदी एकाच वेळी बाहेर येत नाहीत, त्यामुळे आलेखावरच्या पीकची, म्हणजे उंचवट्याची, एक बाजू जरी गोळा केलेल्या भागातून (फ्रॅक्शनमधून) सुटली तरी आकडा सरकतो. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये वेगळं झालेलं प्रत्येक संयुग भट्टीत जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा आणि ४४, ४५, ४६ वस्तुमानाचे आयन मोजायचे.

संयुगाला अ‍ॅसिटेट गट जोडून यंत्रात चालवलं असेल तर त्याचा कार्बन वजा करायला विसरू नका. अँड्रोस्टेरॉनचे १९ कार्बन आणि अ‍ॅसिटेटचे २, म्हणजे मोजलेला डेल्टा (कार्बन-१३ प्रमाणित नमुन्यापेक्षा किती कमी-जास्त ते हजारांशात सांगणारा आकडा) गुणिले २१, त्यातून अ‍ॅसिटेटचा डेल्टा गुणिले २ वजा, आणि उरलेल्याला १९ ने भागायचं. अँड्रोस्टेनडायॉलला दोन अ‍ॅसिटेट लागतात, तिथे २३ आणि ४ धरा.

आता समजा प्रेग्नेनडायॉल उणे २०.१ आलं आणि ५-अल्फा अँड्रोस्टेनडायॉल उणे २४.६, फरक ४.५. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) मर्यादा ३ हजारांश, म्हणजे हे स्पष्ट वर. तरी एकट्या संयुगावर निकाल देऊ नये असं मला मनापासून वाटतं, कुठली संयुगं एकत्र धरायची ते नियमात लिहिलंय, ते बघूनच बोला. उलटंही होतं, काही औषधांचा कार्बन शरीरातल्यासारखाच असतो, मग फरक छोटा दिसतो. आणि कुणी प्रेग्नेनोलोन घेतलं असेल तर प्रेग्नेनडायॉलच सरकतं, म्हणून ११-कीटोइटिओकोलॅनोलोनसारखा दुसरा संदर्भही मोजून ठेवा.

सायकलपटू फ्लॉइड लँडिसच्या २००६ च्या टूर द फ्रान्स प्रकरणात २००७ मध्ये लवादाने गुणोत्तराची चाचणी प्रयोगशाळेने नियमाप्रमाणे केली नाही म्हणून बाजूला ठेवली, पण कार्बनचा निकाल मान्य केला आणि त्याचं विजेतेपद गेलं.