एंटरप्राइज यूएक्समध्ये येताय? आधी स्टोअर्समध्ये जाऊन बसा

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत यूएक्सच्या (वापरणाऱ्याच्या सोयीने स्क्रीन आखण्याच्या कामाच्या) ज्या जागा निघतात, त्यांतल्या बऱ्याच ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), बँकेचं बॅक ऑफिस, गोदाम, विम्याचे दावे, पगार, खरेदी असल्या यंत्रणांसाठी असतात. सामान्य ग्राहकाला या स्क्रीन कधी दिसतही नाहीत. नव्याने लागलेल्यांना हे पहिला प्रोजेक्ट मिळाल्यावर कळतं आणि त्यांचा चेहरा पडतो. माझाही पडला होता. इतकी वर्षं यात काढून आजही प्रत्येक नव्या क्लायंटकडे जाताना पोटात गोळा येतो, म्हणूनच हे लिहायला बसले आहे. फिग्मा, वायरफ्रेम, युजर रिसर्च हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ‘ही आतली सिस्टीम आहे, दिसायला कशीही चालेल’ असं तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगेल. त्यांना सिटीबँकेचं उदाहरण द्या. ऑगस्ट २०२० मध्ये या बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब, म्हणजे सिटीकॉर्पच्याच भारतातल्या सॉफ्टवेअर कंपनीतून वाढलेल्या आणि पुढे ऑरॅकलने घेतलेल्या आय-फ्लेक्सचं. मुद्दलाची रक्कम बँकेच्या आतल्याच खात्यात ठेवायची असेल, तर त्या स्क्रीनवर ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ अशा तीन ठिकाणी खूण करावी लागत होती. खूण फक्त पहिल्या ठिकाणी झाली. मेकर (व्यवहार भरणारा), चेकर (तो तपासणारा) आणि वरचा मंजुरी देणारा अशा तिघांच्या नजरेखालून तो व्यवहार गेला आणि तिघांनाही तो बरोबर वाटला. पैसे बँकेबाहेर जाणार आहेत अशी सूचना स्क्रीनवर आली होती, पण किती जाणार हा आकडा तिच्यात नव्हता. काही कर्जदात्यांनी पैसे परत केले. सुमारे ५० कोटी डॉलर मात्र अडकले आणि प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरोधात लागला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला तेव्हा कुठे बँक सुटली.

या प्रकरणात लोक त्या तिघांना दोष देतात. मला ते पटत नाही. तीन प्रशिक्षित माणसं एकच स्क्रीन बघून एकच चुकीचा अर्थ काढत असतील, तर दोष स्क्रीनचा आहे. त्या सूचनेत रक्कम लिहिलेली असती तर बोट थांबलं असतं. मेकर-चेकर ही पद्धत आपल्याकडच्या बँकांतही आहे. चेकरला मेकरचीच स्क्रीन दाखवली की त्याच्या डोळ्यांना काही वेगळं दिसायचं कारणच उरत नाही. चेकरच्या स्क्रीनवर परिणाम दिसला पाहिजे: किती पैसे, कोणाकडे, कुठल्या खात्यातून.

आता ज्या सापळ्यात मी स्वतः अडकले, तो नीट सांगते. थोडं लांबेल, पण हा भाग घाईत वाचू नका.

सापळा आहे ‘स्वच्छ’ स्क्रीनचा. कोर्समध्ये आपल्याला शिकवतात की मोकळी जागा ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, पायरी-पायरीने पुढे न्या, पर्याय लपवा. पहिल्यांदाच ॲप उघडणाऱ्यासाठी ते खरंच योग्य आहे. चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही माल आवक करण्याची स्क्रीन केली, ती याच धर्तीवर. ट्रक गेटवर येतो, चलन (मालासोबत आलेला कागद) बघून गेट एंट्री होते, पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) ताडून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बनते, मग माल क्वालिटीकडे जातो. आम्ही या कामाचे सुटसुटीत टप्पे पाडले, टप्प्यागणिक एक स्क्रीन केली आणि खाली मोठं ‘पुढे’ बटण दिलं. डेमोला क्लायंटच्या बड्या मंडळींनी मान डोलावली. खरेदीप्रमुख तर म्हणाले, हे माझ्या मुलालाही जमेल.

पण ते काम त्यांचा मुलगा करणार नव्हता. ते करणार होते स्टोअर्समधले, म्हणजे कारखान्याच्या माल साठवायच्या विभागातले एक काका, दिवसभर, एकामागून एक चलन घेऊन. त्यांच्या डाव्या हाताला चलनांचा गठ्ठा, उजवा हात नंबरपॅडवर, डोळे कागदावर. जुन्या सिस्टीममध्ये ते स्क्रीनकडे बघतही नसत. मायगो (सॅप या ईआरपीतली माल आवक करायची स्क्रीन) उघडायचं, मूव्हमेंट टाइप १०१ (पीओवरच्या आवकेचा कोड), पीओ नंबर, एंटर, नग, एंटर. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक टप्प्याला हात नंबरपॅडवरून उचलून माऊसवर न्यायचा, ‘पुढे’ दाबायचं, पान उघडेपर्यंत थांबायचं. चौथ्या पानावर गेल्यावर कळायचं की दुसऱ्या पानावर नग चुकलेत, मग मागे या.

गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, ट्रक गेटवर तुंबले. काकांनी त्यांच्या परीने मार्ग काढला: दिवसभर चलनं एक्सेलमध्ये उतरवून ठेवायची आणि संध्याकाळी एकदम सिस्टीममध्ये भरायची. म्हणजे माल यार्डात पडलेला, पण सिस्टीममध्ये दिवसभर स्टॉक शून्य. प्लॅनिंगवाले स्क्रीन बघून म्हणणार, माल नाही. खरेदीवाले सप्लायरला फोन करून ओरडणार, आणि सप्लायर सांगणार की गाडी सकाळीच खाली झाली. एका स्क्रीनच्या मांडणीमुळे अख्ख्या कारखान्याचा आपल्याच आकड्यांवरचा विश्वास उडाला. डिझाइनचा धंद्याशी काय संबंध, असं कोणी विचारलं की मी हेच सांगते.

हे आधी ओळखायचं कसं? काम सुरू करताना दोन प्रश्न विचारा. हे काम तोच माणूस दिवसात किती वेळा करतो? आणि हे वापरायचं ठरवणारा व प्रत्यक्ष वापरणारा एकच आहे का? ग्राहकाच्या ॲपमध्ये दोघे बहुधा एकच असतात. इथे जवळजवळ कधीच नसतात. डेमो बघणारा सिस्टीम वर्षातून दोनदा उघडतो आणि त्याला मोकळी स्क्रीन आवडते. दिवसभर बसणाऱ्याला सगळं एकाच नजरेत हवं असतं, रांगा-रकाने गच्च भरलेले असले तरी चालतात. आपल्याकडचे अकाउंटंट टॅली कसं चालवतात ते बघा. एफ फोर कॉन्ट्रा, एफ फाइव्ह पेमेंट, एफ सिक्स रिसीट, एफ सेव्हन जर्नल, एफ एट सेल्स, एफ नाइन परचेस. माऊसला हात लागत नाही. डिझाइनच्या वर्गात त्याला कोणी सुंदर म्हणणार नाही. मी म्हणते.

शेवटी आम्ही ती स्क्रीन मोडली. पीओ नंबर टाकला की त्यातल्या सगळ्या ओळी एकाच तक्त्यात येतात आणि बाकी असलेले नग आधीच भरलेले असतात. माल बरोबर असेल तर फक्त एंटर. फरक असेल तिथेच आकडा बदलायचा, आणि रंग फक्त त्याच ओळीला. रकान्यांचा क्रम चलनावरच्या क्रमासारखा. डेमोला ही स्क्रीन कोणाच्या नजरेत भरली नाही. गेटवरची रांग मात्र सरली.

रंग आणि बटणं हा या कामाचा छोटा भाग आहे. खरा कस लागतो तो नेहमीची वाट सोडून घडणाऱ्या गोष्टींत. पत्र्याची कॉइल आली. चलनावर एक वजन, कारखान्याच्या वजनकाट्यावर दुसरं. कुठलं धरायचं? पीओ किलोमध्ये, चलन नगांमध्ये. माल पीओपेक्षा थोडा जास्त आला, तर किती टक्क्यांपर्यंत घ्यायचा आणि त्यापुढे कोणाची परवानगी? अर्धा माल रिजेक्ट झाला तर बिल कशाचं? ही उत्तरं मिळेपर्यंत फिग्मा उघडू नका, अगदी कडक शब्दांत सांगते. ही उत्तरं म्हणजेच डिझाइन. ती तुम्ही दिली नाहीत तर डेव्हलपर रात्री अकरा वाजता स्वतःच्या मनाने देईल, आणि ती पुढची दहा वर्षं कोणी बदलणार नाही.

उत्तरं मिळतात जागेवर बसून. मीटिंग रूममध्ये इंग्रजीत ‘तुमची अडचण काय’ विचारलं की सगळे ‘नो इश्यूज’ म्हणतात. चहाच्या टपरीवर मराठीत विचारा, मग ऐका. मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, ड्रॉवरमधली वही, डेस्कटॉपवरची ‘फायनल नवी’ नावाची एक्सेल फाइल या सगळ्याचे फोटो घ्या, परवानगी घेऊनच. सिस्टीम जिथे माणसाला पुरी पडत नाही तिथेच या गोष्टी जन्माला येतात. तालुक्याच्या गावातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवा: शॉप फ्लोअरवरचा माणूस तुमच्याशी जे बोलेल, ते मोठ्या कॉलेजातून आलेल्याशी बोलेलच असं नाही. ही तुमची ताकद आहे, लाजायची गोष्ट नव्हे.

मेंटॉरबद्दल माझं मत ठाम आहे. लिंक्डइनवर रोज डिझाइनचे सुविचार टाकणाऱ्यांच्या मागे लागू नका. तुमच्या कंपनीत सपोर्टची तिकिटं (वापरणाऱ्यांच्या तक्रारी) बघणारी जी व्यक्ती आहे ना, तिच्या शेजारी बसा. लोक कुठे अडतात, कशाला वैतागतात, कुठलं बटण चुकून दाबतात, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नसतं. दुसरा गुरू म्हणजे जुना फंक्शनल कन्सल्टंट, क्लायंटच्या कामाची प्रक्रिया सिस्टीममध्ये बसवणारा. तो तुमच्या रंगसंगतीला हसेल. हसू द्या, त्याच्याकडून प्रक्रिया शिकून घ्या.

तीन महिन्यांत यूएक्स डिझायनर बनवणारे कोर्स टूल शिकवतात, त्यापलीकडे काही नाही. एआयला सांगून स्क्रीन काढून घेणंही आता सोपं झालंय, आणि नेमकी ती ‘स्वच्छ’ स्क्रीनच पटकन मिळते. सवड आणि तयारी असेल तर सीईईडी (डिझाइनची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसीचा (तिथल्या डिझाइन विभागाचा) विचार जरूर करा. १९६९ पासूनची संस्था आहे, पाया पक्का होतो. नाही जमलं तरी हातपाय गाळू नका. टेस्टिंगमधून आलेल्यांना काय-काय बिघडू शकतं ते आधीच दिसतं. बी.कॉम. झालेल्यांना डेबिट-क्रेडिट समजावून सांगावं लागत नाही. मला चित्र धड काढता येत नाही आणि या कामात त्यावाचून कधी अडलं नाही.

पहिलं वर्ष जड जाईल. मीटिंगमधले निम्मे शब्द डोक्यावरून जातील, तुम्ही केलेली स्क्रीन यूएटीत (वापरणाऱ्यांनी घेतलेल्या चाचणीत) परत येईल, आणि घरी काय काम करता हे सांगता येणार नाही. या काळात बरेच जण सोडून जातात. सोडायचा विचार आला तर निदान एक गो-लाइव्ह जागेवर थांबून बघा, मग ठरवा.

पोर्टफोलिओत खाण्याच्या ॲपचं रीडिझाइन टाकू नका, आम्ही ती बघून थकलोय. त्याऐवजी ओळखीच्या मेडिकल दुकानात, पतपेढीत किंवा कृषी सेवा केंद्रात दोन दिवस बसा. बिलिंगचं एकच काम घ्या, किती कळा दाबाव्या लागतात ते मोजा, कागद आणि स्क्रीन कुठे जुळत नाहीत ते दाखवा, आणि तुमचा तक्ता मांडा. नोकरीत असाल तर क्लायंटच्या खऱ्या स्क्रीन कधीही बाहेर दाखवू नका. नावं-आकडे बदलून, मांडणी नव्याने काढून दाखवा, आणि त्याआधी करारात काय लिहिलंय ते मॅनेजरला विचारून घ्या. मुलाखतीत मी हा तक्ता उघडायला सांगते आणि विचारते, माल जास्त आला तर इथे काय होईल?