जुन्या विलीज जीपची ठिणगी कुठे हरवते?

स्टार्टर व्यवस्थित फिरतो, पेट्रोलही येते आणि तरीही इंजिन सुरू होत नाही, अशा वेळी कार्ब्युरेटर उघडण्याची घाई न करता आधी ठिणगी तपासावी. कॉइलची (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीपुरता वाढवणारा भाग) मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (ती वीज प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) टोपणातून काढून, इन्सुलेट केलेल्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूपासून साधारण 6 मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. निळसर, कडक आवाजाची ठिणगी पडली तर कॉइलपर्यंतचा भाग ठीक आहे आणि दोष टोपण, रोटर (टोपणाखाली फिरणारा तुकडा), प्लगच्या वायरी किंवा टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत, शोधावा.

ठिणगी पिवळट असेल किंवा पडतच नसेल, तर बहुतेक वेळा दोषी पॉइंटच, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करून कॉइलची वीज तोडणारे संपर्क, निघतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की त्यांच्यावर राखाडी थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढून, डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणून, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांचे माप) 0.020 इंच अंतर ठेवावे. पाते किंचित घासत सरकले पाहिजे. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर (पॉइंटवर पडणारी ठिणगी आवरणारा भाग) बदलावा. माझ्या मते तो दुरुस्तीच्या फंदात पडण्याजोगा भाग नाही.

टोपणाच्या आतली केसासारखी काळी रेघ म्हणजे विजेने शोधलेली चोरवाट असून, असे टोपण पुसून सुधारत नाही. वायरी पुन्हा बसवताना चार सिलिंडरच्या इंजिनचा 1-3-4-2 हा ठिणगीचा क्रम पाळावा.