खिशातला चाकू घेताना दुकानातच बघून घ्या

फोल्डिंग चाकू घरी आणला की दोन महिन्यांत खुळखुळ्यासारखा हलायला लागतो, माझे असे दोन गेले, म्हणून आता काउंटरवरच एवढं करतो:

१. पातं पूर्ण उघडायचं, टोकाजवळ त्याच्या सपाट बाजू चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवायचं. नवीन असतानाच कट-कट जाणवलं तर ठेवून द्या परत, दुकानदार "वापरून बसेल" म्हणतो पण ते बसत नाही, वाढतंच.

२. लॉक लागलं की पात्याच्या बोथट पाठीवर तळहाताने हळूहळू दाबून बघा, बोटं मात्र पातं मिटायच्या वाटेत नकोत. जरा जरी सरकलं तर नको.

३. सांध्यावर स्क्रू आहे की रिव्हेट (ठोकून पक्की बसवलेली खीळ) ते बघा. स्क्रू असेल तर ढिला झाल्यावर घरी आवळता येतो, रिव्हेट ढिली झाली की ती तशी आवळता येत नाही.

४. लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायच्या भानगडीत पडू नका, चाकूच्या स्टेनलेसला बहुतेक वेळा चुंबक चिकटतोच. आणि स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही असंही नाही, लिंबू नाहीतर कैरी कापून तसाच मिटून खिशात टाकला की सांध्याशी तांबूस ठिपके येतात. धुवून कोरडा पुसा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, चिकट होतं नंतर.

हां, विमानाने जाताना आठवणीने चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत सापडला तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.